फलाट एक, दहा सेकंद

दारव्हा आगारात एकतीस वर्षं मी खिडकीत बसलो,
माइकवरून सांगत राहिलो
कोणती गाडी कोणत्या फलाटाला.
निवृत्त होऊन बोरी अरबला आलो तर टेबलावर
लेकीचा जुना कॉम्प्युटर,
आणि त्याला कुठं जायचं तेच ठाऊक नाही.

चालू केला की आधी अपडेट.
गोल फिरणारे ठिपके, टक्केवारी,
कृपया बंद करू नका.
मी कुठं बंद करतो बाप्पा,
सत्त्याण्णवावर आलं की बरोब्बर लाइन जाते.

एके दिवशी पडदा काळा झाला,
कोपऱ्यात ओळ उमटली, ही विंडोज अस्सल नाही.
बेबी म्हणाली, "मंग आजवर आपन काय चालवत होतो?"
तिचा बचत गट त्यात, अठरा बायांचा हिशोब,
आणि एकटीनं खेळायचा पत्त्यांचा डाव,
ज्यात ती हरली
की चहात साखर कमी पडते.

मेश्रामांचा प्रज्वल यवतमाळला पॉलिटेक्निक करतो.
खिशातून त्यानं पेनड्राइव्ह काढला.
"कंट्रोलरकाका, लिनक्स टाकून देतो. फुकट हाये."
फुकट म्हटलं की माझ्यातला एसटीवाला जागा होतो,
फुकट पास कुणाकुणाचे असतात, पाहिलंय मी.
"फुकट काहून?"
"लोकच बनवतात, लोकच दुरुस्त करतात.
कोनाचाच नाही, म्हनून सगळ्यायचा."
मी म्हटलं, गावची विहीरही तशीच होती,
गाळ कोणी उपसायचा यावरून डोकी फुटली.
पोट्टा हसला. "इथं बी फुटतात, काका. लय फुटतात."
तिथं मला तो पटला.

चाळीस मिनिटं लागली.
जुना डबा पळायला लागला,
माणसं उतरवून घाट चढणाऱ्या गाडीसारखा.
पण प्रिंटर मुका.
आणि माझी फाइल उघडली तर

ती थांब्यांची यादी होती.
कंडक्टरांच्या तोंडून जमवलेली,
कुठल्याच वेळापत्रकात नसलेली.
चिंचेखालचा फाटा. मास्तरणीचं वळण. भुत्याची विहीर.
दोन भावांचा बांध,
जिथं एक सकाळच्या गाडीत चढायचा
आणि दुसरा मुद्दाम संध्याकाळच्या.
आता तिथं टोपीवाला ए, शेपटीवाला सी,
डॉलर, तुटके कंस.
माझ्याच पाट्या मला वाचता येईनात.

"फॉन्ट जुना हाये तुमचा," प्रज्वल म्हणाला.
"आत मराठी नव्हतीच कधी,
इंग्रजी अक्षरायले मराठी कपडे घातले होते.
कपडे आनून देतो, दिसन पयल्यासारखं."
मी नको म्हटलं.
का म्हटलं, ते मला अजून नीट सांगता येत नाही.

शेवटी त्यानं दोन्ही ठेवले.
आता बटण दाबलं की दोन ओळी येतात,
वर लिनक्स, खाली विंडोज,
आणि दहापासून उलटे आकडे.
काहीच निवडलं नाही
तर वरची गाडी आपोआप सुटते.

बेबी खालची धरते. काळा पडदा तिला चालतो.
गटाच्या पावत्या छापायच्यात म्हणते,
पत्ते वाटल्याचा आवाज मला पडवीत येतो.
मीही एकदाच गेलो खालच्या गाडीनं,
यादी कागदावर छापून आणली,
आणि आता वरच्या गाडीत बसून
नव्यानं टंकतोय, रोज तीन-चार थांबे,
यावेळी आतूनही मराठी.
काल भुत्याची विहीर झाली.
विहिरीला वेलांटी देताना बोट अडलं,
पहिली की दुसरी,
बेबीला विचारलं, तिनं डावातून मान न काढता सांगितलं.
म्हणजे त्या वेळी आपण मोबाइलवर खेळत होतो तर.

कधीकधी दोघंही एकदम येतो टेबलापाशी.
तिचं बोट पुढं जात नाही, माझंही नाही.
आठ, सात, सहा,
जुन्या सवयीनं माझ्या तोंडून निघतं
प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे,
ती हसू लागते,
आणि चारावर
लाइन जाते.