चिमटी

चामडीच्या ओपीडीतली पोरसवदा डॉक्टर
माझ्या दंडाला चिमटी घेऊ बघते.
चामडी चिमटीत येत नाही.
ती कागदावर काहीतरी लिहिते,
मी गालात हसतो. बाई,
चाळीस वर्षं हेच तर केलंय मी
धारावीत, नव्वद फुटी रस्त्यामागच्या गाळ्यात,
बकऱ्याचं, म्हशीचं कातडं दोन बोटांत धरून
माल घ्यायचा की परत धाडायचा ते ठरवत.
हे माझं असलं
मी धाडलंच असतं परत.

सुरुवात तळहातांपासून झाली.
अठ्ठाविसावा दिवस, काचेआडची खोली,
दोन्ही पंजे लाल, कढत,
कानांच्या पाळ्या मास्तरानं पिळल्यासारख्या,
मग मान, मग तळपाय,
मग छातीवर घामोळ्यासारखं काही
जे घामोळं नव्हतं.
नर्सला म्हटलं, साबण बदलला का गं?
ती म्हणाली, काका, रक्त बदललंय.

रक्त रत्नमालेचं.
धाकटी. अकरा वर्षं बोलत नव्हती माझ्याशी.
गाळा बापाचा, सही तिचीही लागत होती,
आणि मी ती कशी मिळवली
ते इथं सांगण्यासारखं नाही.
दहापैकी दहा जुळलं, असा रिपोर्ट आला तेव्हा
ती कुर्ल्याहून आली, हात पुढे केला,
चार तास मशीनला पडून राहिली,
माझ्या काचेशी एकदाही फिरकली नाही.
पिशवी तेवढी आली. टोमॅटोच्या साराचा रंग.
थेंबाथेंबानं माझ्यात उतरली माझी बहीण.

आता आतून तीच विचारते
हे घर कुणाचं
आणि भिंती खरवडते.

आठव्या महिन्यात मनगटं चकाकायला लागली.
बायकोला म्हटलं, बघ, काय फिनिशिंग आहे.
ती रडली. पुन्हा म्हणालो नाही.
मूठ मिटत नाही, रापी हातात टिकत नाही,
शर्टाचं वरचं बटण ती लावून देते.
पाठीवर पांढरे चट्टे, पोटावर काळे,
रंगारी पिऊन कामावर आल्यासारखे.
मे महिन्यात अख्खी गल्ली निथळते,
मी कोरडा ठणठणीत, आतल्या आत उकडत,
घामाची छिद्रं बुजली म्हणे.
ऊन वर्ज्य. जानेवारीतही छत्री.
पोरं विचारतात, काका, पाऊस कुठाय?

डॉक्टरला विचारलं, हा राग उतरणार कधी?
म्हणाली, पुरता उतरू नये.
थोडा राहू दे. त्याच्याच धाकानं
जुना आजार दबून आहे तुमचा.
परळपासून घरापर्यंत
मी ते वाक्य चघळत आलो.
राग कमी करायच्या गोळ्या, त्याही मोजून.
जास्त झाल्या तर भिंत वाचते
आणि चोर परत येतो.

काल रत्नमाला आली. न कळवता.
चपला दाराबाहेर काढल्या, पंख्याखाली बसली,
पाणी नको म्हणाली.
मग माझा हात ओढून मांडीवर घेतला
आणि अंगठ्याच्या पेरानं
कोपरापासून मनगटापर्यंत दाबत गेली.
"ताठलंय. तेल कसं लावतोस?"
दाखवलं.
"असं वरखाली नाही. कडेकडेनं आत यायचं.
बाबा पखालीला लावायचे तसं."
मला आठवेना बाबा कसं लावायचे.
मला तर त्यांनी मांडीला मांडी लावून शिकवलेलं.
तिला गाळ्यात येऊ देत नसत,
ती दारातून बघायची.

गाळ्याचं ती काही बोलली नाही.
माझ्या तोंडाशी आलं होतं,
पण तोंडही हल्ली कोरडं पडतं.
तासभर बाहेरून तीच चोळत होती,
आतून तीच भांडत होती.

उठताना तिनं दंडाला चिमटी घेतली.
जोरात. लहानपणी घ्यायची तशी.
"आली बघ थोडी," म्हणाली.
खरंच आली होती, की उगाच म्हणाली,
मला कळलं नाही.
दुखलं मात्र.