फुली-गोळा

शरणपूर रोडच्या स्वेटर बाजारातून
पेन्पा आला, भर दुपारी,
काखेत मेणकापडात गुंडाळलेली बापाची वही.
लोसारच्या आधी छापायचंय, म्हणाला,
दोनशे प्रती, आमच्याच माणसांत वाटायला.
पानाला किती?
साठ, म्हटलं. लग्नपत्रिकेचाच भाव लावला.

पेन्पा म्हणजे शनिवार, त्यानेच सांगितलं.
शनिवारी जन्मला म्हणून.
आमच्याकडे शनिवारी तेल घालतात, मी म्हटलं,
मुलाचं नाव कुणी ठेवत नाही.
तो हसला. दात स्वच्छ, पुढचा एक नाही.

बाप मुंदगोडला ज्योतिषी होता.
वहीत तिथीतिथीसमोर खडे मांडलेले,
पांढरा खडा म्हणजे गोळा, काळा म्हणजे फुली.
एक गोळा बरा, दोन त्याहून बरे.
तीन फुल्यांच्या दिवशी काय करायचं
ते विचारलं तर म्हणाला, दुकान उघडायचं,
भाडं तर द्यावंच लागतं.

फॉन्ट होता माझ्याकडे.
गोळा आला. फुली आली.
गोळ्याला चिकटून फुली, तेही एका कळीत आलं:
आधी बरं, मागून वाईट.
आता याच्या उलट, तो म्हणाला.
आधी त्रास. मग सुख.

ते नव्हतं.

सुटे टाकले, फुलीशेजारी गोळा.
त्याने पडद्यावर बोट टेकलं:
हे दोन दिवस झाले, ताई.
मला एकाच दिवसात पाहिजे.

मग आहे त्यालाच आरशात उलटं केलं.
दिसलं अगदी बापाच्या हातचं. तो खूश.
मी नाही.
वीस वर्षं अशोकस्तंभाच्या या गाळ्यात
मी दुसऱ्यांची अक्षरं जुळवतेय,
मला माहीत आहे, चित्राखाली आकडा असतो
आणि आकड्याला आरसा दिसत नाही.
उचलून दुसरीकडे ठेवलं की पुन्हा तेच,
सुख आधी, फुली शेवटी.
माझ्या घरात हा क्रम मी पाहिलाय.
त्याला नंबर आहे, म्हटलं तर कुठेही छापून मिळतो.

रात्री तक्ता काढून बसले.
शून्य, एफ, एक, एफ. हा जुना.
आणि पार शेपटाकडे,
पावणेदोनशे घरं ओलांडून,
मागाहून आणून बसवलेला एक:
शून्य, एफ, सी, ई.
फुली पुढे, गोळा मागे.
इतके दिवस काय करत होते लोक,
ज्यांचा दिवस असा होता?
पेनाने काढत असतील.

नवा फॉन्ट टाकला. रिकामा चौकोन आला.
दुसरा टाकला. चौकोन.
तिसऱ्याला साडेअकरा वाजले, आणि आलं.

सकाळी पेन्पाने चष्मा पुसून पाहिलं, काही बोलला नाही.
बाइंडिंगचा वाल्मीक डिंकाच्या हाताने डोकावला:
काय ताई, फुली-गोळा?
रद्दी प्रुफांच्या पाठीवर तो दिवसभर
एकटाच खेळतो, दोन्ही बाजूंनी.
मी थांबले.
लहानपणापासून तोंडात असलेला शब्द.
गोळा-फुली कुणी म्हणत नाही.
आधी फुलीच. मग गोळा.

पेन्पाने ते एकच चिन्ह
मोबाईलवरून बहिणीला पाठवलं.
लगेच तिचा फोन:
हा डबा कसला पाठवलास?
तिच्याकडे नुसता चौकोन उमटला होता,
ना पांढरा ना काळा.
तो तिला बराच वेळ काही सांगत होता,
मोकळ्या हाताने हवेत आधी दोन रेघा,
मग एक वाटोळं.
तिबेटी मला येत नाही.
मी पावती फाडली,
आठ पानं, दोनशे प्रती,
आगाऊ पाचशे.