रात्री दोन ते सकाळी आठ

दहावीचा शेवटचा पेपर भूगोलाचा.
तो सुटला आणि मी घरी न जाता शालिमारला गेले,
खेमाणींच्या दुकानात, काचेमागचा
नवा खोका बघायला.
चोवीसशे नव्व्याण्णव.
वर चिलखतातला माणूस, माझ्याकडे पाठ करून उभा.
खेमाणी म्हणाले, घे हातात, बघायचे पैसे नाहीत.
घेतला. इतका हलका
की एवढ्या पैशांचा वाटेना.

बाबा नोटांच्या छापखान्यात.
पाचशेच्या कोऱ्या थप्प्या दिवसभर हाताखालून जातात
आणि सुटताना गेटवर खिसे उलटे करून दाखवायचे.
त्या माणसाकडे चोवीसशे मागायला
माझी जीभ रेटेना.

शेवटी पुण्याच्या सुधामावशीनं फोनवर कार्डाचा नंबर सांगितला,
सोळा आकडे, नवव्यावर कुकरची शिट्टी,
"दोनशेच्या वर नाही हं. आणि ताईला सांगू नकोस."
आमचं इंटरनेट रात्री दोन ते सकाळी आठ फुकट.
घड्याळ उशीखाली, आवाज दाबून.
दोनला उठायचं, बटण दाबायचं, परत झोपायचं.
जेलरोडवर सगळे पंखे एकाच सुरात,
आणि मॉडेमचा हिरवा दिवा
काजव्यासारखा, पण घाईत.

पहिला खेळ चाळीस एमबीचा.
एक दीपगृह, एक म्हातारी, एक वात.
मारायला कुणीच नाही.
शेजारचा ओजस गांगुर्डे म्हणाला, मग करायचं काय?
जहाज येईपर्यंत थांबायचं.
थांबलो.
काकडी संपली, तिखटमीठ बोटानं चाटून झालं,
बाहेर डांबर पाघळत होतं,
आणि पडद्यावर धुकं इतकं थंड
की कूलर बंद केला तरी चाललं असतं.
(वीज गेलीच. कूलरही गेला, धुकंही.)

मग गोगलगायीचा. भिंत चढते, बारा मिनिटं, संपला.
मग नुसते कपडे वाळत घालायचा:
वारा सुटतो, चिमटे अपुरे, शेजारीण फार बोलते.
आई मागून बादली घेऊन जाता जाता म्हणाली,
हा तू गच्चीवर का नाही खेळत?

खोक्यातल्या खेळाच्या शेवटी म्हणे
नावंच नावं सरकतात, लग्नाच्या आहेरासारखी.
ह्यांच्या शेवटी एकच नाव.
खाली बारीक अक्षरात:
माझ्या बहिणीला, जिनं वायर काढली नाही.
मी ते नाव वहीत लिहून ठेवलं.
का, ते माहीत नाही. उच्चारही येत नव्हता.

ओजस म्हणायचा, सीडी दे ना घरी.
सीडी नाही रे.
मग आहे कुठे?
सीपीयूच्या डब्यावर हात ठेवला, गरम होता.
इथे.
उसना देता येत नाही, म्हणून तोच रोज दुपारी यायचा,
आणि मेच्या शेवटी आमच्याकडे त्याची वेगळी चप्पल होती.

एकदा पाचला जाग आली. पहिली पाळी,
बाबा डबा भरून तयार,
आणि खुर्चीच्या टोकावर, बूट घातलेले,
म्हातारीच्या वातीला तेल घालत होते.
दर जहाजामागे एक नाणं मिळतं तिथे.
मला बघून दचकले नाहीत.
"सतरा झाली," म्हणाले,
"आणि गेटवर दाखवावी लागत नाहीत."
मग सायकल काढली.

निकालाच्या दिवशी मावशीनं हजार पाठवले.
शालिमारला गेले. खोका उतरला होता, नऊशे नव्व्याण्णव,
चिलखतवाला उन्हानं फिका पडलेला,
तरी पाठ माझ्याचकडे.
खेमाणींनी धूळ पुसली. देऊ?
खूप वेळ उभी राहिले. खरंच मोह झाला,
नाही कशाला म्हणू.
नको, म्हटलं, आज रात्री एक येतोय.
कसला?
समुद्र आहे म्हणे त्यात. बाकी
अजून उतरला नाही.