ण

रेकॉर्ड रूमच्या मागच्या खोलीत
नाशयोग्य मिसलांचा ढीग, छताला टेकलेला.
आंबाजोगाईच्या कोर्टात मी नवीन.
म्हणाले, मॅडम, यादी करा, सही करा,
बुधवारी रद्दीचा ट्रक येईल परळीहून.

सगळं उर्दूत. साल फसली, रुपये हाली,
गावाचं नावही तेव्हाचं: मोमिनाबाद.
ओळी उजवीकडून निघायच्या
आणि डाव्या कोपऱ्यात दाटीनं वर चढायच्या,
उशिरा आलेली माणसं
भरल्या बाकावर सरकून बसतात तशा.

म्हणून सदर बाजारातून तस्नीम आपांना बोलावलं.
उर्दू शाळेतून निवृत्त, एका डोळ्याचा मोतीबिंदू काढलेला.
बेलिफ मुंजाजीनं खुर्ची पुसून दिली.
त्या बोट फिरवत वाचायच्या, मी लिहायची.
"मुन्सिफ नजमुद्दीन कंधारी.
बघ, पुन्हा हेच. आता याचं अक्षर
मला लांबूनच ओळखू येतंय."

ढिगातच सापडलं त्यांचं नोकरीचं रजिस्टर,
कडा वाळवीनं खाल्लेल्या.
कळंब, दोन वर्षं. हदगाव, दीड.
भोकरदनला एका जहागीरदारावर हुकूमनामा,
आणि पुढच्याच महिन्यात किनवट.
आपा हसल्या, "जंगलात टाकलं."
तिथल्या हिवतापाच्या रजा मी मोजल्या: सत्तावीस.
मग इथं.

एका मिसलीत भलताच भाऊ दिवाणी कैदेत गेला होता,
सहा दिवस.
समासात दोनच शब्द, गलती मेरी,
खाली तारीख, खाली सही.
दुसरीत शेवटी लिहिलंय:
मला पूर्ण खात्री नाही,
पण फिर्यादी नऊ कोस चालत आली आहे,
तेव्हा निकाल आजच.

तिसऱ्या दिवशी, चहा गार होत असताना,
एका पानावर मी थांबले.
चाळीस ओळींच्या त्या जंगलात
मला वाचता येणारं एक अक्षर उभं होतं.
ण.
आपांनी चष्मा कपाळावर ढकलला.

राही, पाथरवटीण, राहणार लोखंडी सावरगाव.
देशमुखाच्या कारभाऱ्यानं जातं नेलं, पैसे दिले नाहीत.
मागायला गेली तर भर बाजारात,
राहीची जबानी, त्यानं मला उणं बोललं.
पेशकारानं लिहिलं, गाली.
मुन्सिफांनी खोडलं.
वर स्वतः लिहिलं, तौहीन.
तेही खोडलं.
मग अलिफ काढला, वाव काढला,
आणि पुढं हात अडला असणार,
कारण त्या लिपीत हा ण नाहीच.
तेव्हा त्यांनी सरळ आपला काढला,
कंधारच्या पंतोजीनं पाटीवर गिरवून घेतला असेल तसा,
काना जरा वाकडा, डोक्यावर टिंब,
शाई दोनदा फिरवलेली.

जात्याचे सात हाली.
उण्याचा एक, वेगळा.
तो राहीला मिळाला का, ते शेवटच्या पानावर असेल.
शेवटचं पान वाळवीनं नेलं.

रजिस्टर पोलीस अॅक्शननंतरही थोडं चालतं.
शाई बदलते, शिक्के बदलतात,
सात हालींचे सहा कलदार होतात.
वय एकोणपन्नास, सक्तीची निवृत्ती.
कारणाच्या रकान्यात टाइप केलेलं:
प्रादेशिक भाषा अवगत नाही.

आपांनी ते मला वाचायला लावलं, दोनदा.
मग म्हणाल्या, "चहा नको आता,"
आणि पिशवी उचलून निघाल्या.

यादीत मी ती एकच मिसल मागं ठेवली.
जिल्ह्याहून कागद परत आला:
जतनाचे कारण स्पष्ट करावे.
मुंजाजी विचारतो, काय लिवायचं, मॅडम?
सरकारी मराठीत ते बसत नाही.
एक शब्द लिहिते, खोडते.
त्याच्यावर दुसरा.
ट्रक दोन बुधवार रिकामा गेला,
तिसरा मसुदा टेबलावर आहे.