झुरळाचा शनवार

रविवार ते शुक्रवार दुपारपर्यंत
मी घोडबंदर रोडच्या टॉवरांत झुरळं मारतो.
पाठीवर टाकी, बिजागऱ्यांत जेलचे ठिपके,
"तीन दिवस ओटा पुसू नका, मॅडम."
शुक्रवारी कोपरापर्यंत हात घासून घरी येतो,
तरी मनुकांच्या शरबताच्या पेल्याला
पुसट वास लागतोच. सिम्हा काही बोलत नाही.

काल शब्बाथचा दिवा लागल्यावर ते आलं,
मोरीच्या जाळीतून, सावकाश,
मागे अंड्यांची डबी धरून.
मला ती डबी कळते. आत चौदा, कधी सोळा.
एक-दोन दिवसांत चिकटवून देईल कुठेतरी.

मारायचं नाही.
योखेबेद म्हणाली, पप्पा, वाटी पालथी घालू?
तेही नाही. कोंडणं म्हणजे पकडणंच.
फुंकर चालते. वाट करून देता येते.
मऊ झाडूनं चुरा सारता येतो,
लादी धुता येत नाही.
एवढं मला वडिलांनी सांगितलं,
त्यांना खारकर आळीतल्या कुणा म्हाताऱ्यानं,
आणि त्याच्या आज्याचा घाणा
शनवारी बंद असायचा
म्हणून आम्ही शनवार तेली.
तेल गेलं. शनवार राहिला.

सकाळी मोकळवहिनी कोथिंबीर मागायला आल्या.
फ्रिजखाली मिशा हलताना त्यांनीच पाहिल्या.
"मारू का? तुम्ही काही सांगू नका."
सांगायचं नसतंच. मी छताकडे पाहिलं.
चप्पल बसली, लादीवर.
असा नेम माझा चुकला असता
तर कंपनीनं पहिल्याच आठवड्यात काढलं असतं.
आणि मला, हे सिम्हालाही सांगितलेलं नाही,
बरं वाटलं.

संध्याकाळी गच्चीवर तारे मोजले.
तीन लागतात. येऊरच्या अंगाला एक दिसला,
दुसरा क्रेनचा लाल दिवा निघाला.
शेवटी कॅलेंडरवरची वेळ मानली.
लवंगा हुंगल्या. लवंगेच्या खाली
नखांत तोच वास.

मग टॉर्च घेतला, फ्रिज सरकवला.
ते नव्हतं.
डबी होती, भिंतीला चिकटलेली, भरलेली.
चमच्याच्या दांड्यानं सोडवली, कागदात घेतली.
"आता चालतं?" योखेबेद.
आता चालतं, म्हणालो,
आणि कागद धरून तसाच उभा राहिलो
सिम्हानं चहा गाळेपर्यंत.

उद्या साडेआठला कासारवडवली,
बी विंग, सातवा मजला. ढेकूण.