पत्र्यापलीकडे

थेंबांना मी कधी नाही म्हटलं नाही.
दर वेळी बूथवर जाऊन
पोराची करंगळी शाईनं रंगवून आणली,
कारण घरात मामांचा पाय आहे.
म्हणजे पाय कसला,
लोखंडी पट्ट्या, चामड्याचे चार पट्टे,
आणि भांडुपच्या टेकडीवरच्या एकशे बारा पायऱ्या,
ज्यांच्याबद्दल ते कधी एक शब्द बोलले नाहीत.

सुई मात्र नको.
सुई म्हटलं की मला उदेश दिसतो,
माझा भाऊ, सात महिन्यांचा,
आईच्या मांडीवर डोळे पांढरे केलेला,
आणि स्टोव्हवर उतू गेलेलं दूध,
जे कुणीच उतरवलं नाही.
मी पाच वर्षांची होते.
उदेश आता माझगावला गोदीत क्रेन चालवतो,
त्याला यातलं काही आठवत नाही.
त्याच्या वाटचं मीच आठवते.

मेहरुन्निसाबाई तीनदा येऊन गेल्या,
खांद्याला निळा डबा, हातात कार्ड, कार्डावर रिकामे चौकोन.
रागावल्या नाहीत. पाणी प्यायल्या.
"भाऊ आता कसा आहे?" एवढंच विचारलं
आणि उत्तर ऐकून
उगाच थोडा वेळ बसून राहिल्या.

मग पत्र्यापलीकडे गौतमीची मुलगी खोकायला लागली.
खोकून खोकून श्वास संपायचा
आणि मग तो आत ओढला जायचा
कोरड्या नळात हवा शिरावी तसा.
पहाटे पाणी यायच्या आधी आमचा नळ असाच बोलतो.
मी अंधारात मोजायचे. अठरा. एकोणीस.
शेजारी माझं पोर झोपेत हसायचं.

मला कुणी समजावलं नाही.
बुधवारी पालिकेच्या दवाखान्यात रांगेत उभी होते, इतकंच.
मामा सोबत आले होते,
सगळ्या पायऱ्या उतरून.

आज रात्री ताप शंभर पॉइंट चार.
ओला रुमाल माझ्या हातातच वाळतो.
मामांनी पट्टे अजून सोडले नाहीत,
एरवी दहालाच सोडतात.
"राहू दे," म्हणाले, "वेळ आलीच तर धावायला बरं."
आणि स्वतःच हसले.

दीड वाजला.
पत्र्यापलीकडे आज खोकला नाही.
गौतमीनं मुलीला इस्पितळात नेलं
की तिला झोप लागली,
कळत नाही.
एक कान पत्र्याला लावून बसलेय,
दुसरा पोराच्या छातीशी.