उकळलेलं पाणी

जानेवारीत आम्ही डोळे बांधतो.
शेंदूरजन्याच्या रोपवाटिकेत, गोणपाटावर बसून,
जंबेरीच्या करंगळीएवढ्या खोडाची
साल उभी चिरायची, आडवी चिरायची,
संत्र्याचा डोळा आत सरकवायचा, वर पट्टी गुंडाळायची.
दिवसाला सातशे. मजुरी शेकड्यावर.

तिथंच, दोन वाफ्यांच्या मधे उकिडवे बसून
नवे पाळक मला म्हणाले,
"दयावंताबाई, तान्हेपणी शिंपडलेलं धरत नाहीत.
आधी विश्वास, मग पाणी.
तुम्हाला तर तेव्हा आपलं नावही ठाऊक नव्हतं."

खरं आहे. नावच नव्हतं तोवर.
सातव्या महिन्यात आले मी, मिशनच्या दवाखान्यात,
पहाटे तीनला. जुने पाळक परगावी,
बाप बैलगाडी शोधत फिरत होता.
रात्रपाळीच्या सगुणाबाई आढाव यांनी
सुया उकळायच्या पातेल्यातलं पाणी
फुंकर घालून कोमट केलं
आणि औषधाच्या चमच्यानं तीनदा—
पित्याच्या, पुत्राच्या, पवित्र आत्म्याच्या.
तोंडाला आलं ते नाव ठेवलं.

लग्नाच्या दाखल्यासाठी नोंदवही उघडली
तेव्हा त्यांचं तिरपं अक्षर पाहिलं:
"बाळ निळं. आई शुद्धीवर नाही. पाणी उकळलेलं."
साक्षीदाराच्या रकान्यात कोणीच नाही.
खाली, वेगळ्या शाईत: "सकाळी रडली."

शांतवननं दोनदा घेतलाय.
एकदा चर्चमधल्या पितळी वाटीतला,
एकदा धरणाच्या फुगवट्यात, छातीभर पाण्यात.
मी त्याला हसत नाही.
त्या पाण्यानं त्याची दारू सुटली, अकरा महिने.
अकरा महिने काही थोडे नसतात,
ज्या घरात ते येतात त्या घराला विचारा.
तो म्हणतो, "तू बी घेऊन टाक ना वं,
नुकसान त काई नाई."

पाळकांना मी कलमाचा दाखला देणार होते.
खोडाला कुठं कळतं कोणाचा डोळा बसवला ते!
ते आपलं चीक देत राहतं,
चौथ्या-पाचव्या वर्षी फळ गोड लागतं.
डोळा एकदाच. पाणी मात्र रोज.
पण जळालेल्या डोळ्याखाली दुसरा बांधतात,
हेही माझ्याच हातांना ठाऊक,
तेव्हा दाखला माझ्या बाजूनं नीट उभा राहीना.
तीन आठवड्यांनी पट्टी सोडून बघतात
हिरवा आहे की तपकिरी.
माझी पट्टी कोणी सोडावी?

रविवारी तिर्साचा बाप्तिस्मा झाला, वर्धा नदीत.
तिचा हा पहिलाच. सोळा वर्षं आम्ही थांबलो होतो,
ती आपल्या तोंडानं मागेल म्हणून.
मागितला तो परीक्षेच्या आदल्या महिन्यात,
भाकरी थापता थापता, माझ्याकडे न बघता.

पाळकांनी नाक धरलं, मागे वाकवलं, बुडवलं.
केसांचा तेवढा काळा झुपका वर तरंगत राहिला.
त्या एवढ्याशा वेळात
मला सगुणाबाईंची ती पहाट कळली:
चमचा हातात, आणि बाळ अजून रडत नाही.

ती वर आली, खोकत, दात वाजवत.
"काय वाटलं?" मी हळूच विचारलं.
"नाकात पाणी गेलं, माय."
मग माझ्या खांद्यात तोंड खुपसून
कितीतरी वेळ काही बोललीच नाही.

पाळकांनी पाण्यातून हात पुढे केला.
"या ना बाई. तेच तर पाणी आहे."
मी घोट्याएवढ्या पाण्यात उभी, टॉवेल घेऊन.
"तेच आहे," मी म्हटलं, "म्हणून तर."

त्यांना ते पटलं नसावं.
मला तरी पुरतं कुठं पटलं होतं!

तिर्साचे केस पिळताना
नदी माझ्या मनगटावरून कोपरापर्यंत गेली,
पोलक्याच्या बाहीत शिरली, थंडगार, कुशीपर्यंत.
दिवसभर सातशे मोजणारी बाई मी.
ते काही मोजलं नाही.